राजगिऱ्याचं माहेर

आषाढी एकादशीचं ताट डोळ्यांसमोर आणा. साबुदाण्याची खिचडी, तिच्यात बटाट्याच्या फोडी, दाण्याचं कूट आणि हिरव्या मिरचीचे तुकडे. शेजारी वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याच्या पुऱ्या. शेवटी तोंड गोड करायला राजगिऱ्याची वडी. एरवी घरात पिझ्झापासून पास्त्यापर्यंत काहीही चालत असलं, तरी या एका दिवशी आजीची नजर करडी असते. उपासाच्या ताटात परकं, भलतंसलतं काही येता कामा नये!

आता या ताटातून अमेरिका खंडातून आलेले जिन्नस एकेक करून बाजूला काढू या. बटाटा गेला. दाणे गेले, त्यांच्याबरोबर आमटीही गेली. मिरची, रताळं, राजगिरा गेले. आजचा साबुदाणाही गेला. ताटात उरले वऱ्याचे तांदूळ, जिरं, मीठ, ओलं खोबरं आणि तुपाची वाटी. १४९२ साली कोलंबसाचं जहाज वाट चुकून या किनाऱ्याला लागलं नसतं, तर 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणायची सोयच उरली नसती. ज्ञानेश्वरांच्या काळात पंढरीला चालत गेलेल्या वारकऱ्यापुढे आजची खिचडी ठेवली असती, तर हा कुठल्या मुलखातला पदार्थ, असंच त्याने विचारलं असतं.

यातल्या काही पाहुण्यांनी आपली मूळ नावंही बरोबर आणली. 'बटाटा' हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. पोर्तुगालपर्यंत तो पोचला कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांकडून, आणि गंमत म्हणजे ताइनो लोक हे नाव रताळ्याला वापरत. 'काजू' आणि 'अननस' हे ब्राझीलच्या तुपी भाषेतले. 'चिकू' मेक्सिकोच्या नावात्ल भाषेतून स्पॅनिशमार्गे आला.  सीताफळ आणि रामफळ यांना मात्र आपण अशी नावं दिली की पुढे त्यांच्याकडे पासपोर्ट मागायची कुणाची हिंमत झाली नाही. भुईमुगाचा मान तिकडे केवढा होता म्हणाल, तर पेरू देशात १९८७ साली सिपान येथे एका मोचे राजाचं थडगं सापडलं. सुमारे सतराशे वर्षांपूर्वीच्या त्या राजाच्या गळ्यात भुईमुगाच्या शेंगांचा हार होता, अर्ध्या शेंगा सोन्याच्या आणि अर्ध्या चांदीच्या!

साबुदाण्याची कथा अलीकडची आहे. मूळ साबुदाणा मलाया-जावाकडच्या एका ताडाच्या गाभ्यापासून होई आणि बोटीने हिंदुस्थानात येई. दुसऱ्या महायुद्धात ही आयात थांबली, तेव्हा तमिळनाडूतल्या सेलम भागात टॅपिओकाच्या कंदापासून साबुदाणा करायला सुरुवात झाली. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला आणि १८८० च्या दशकात त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं. तात्पर्य, ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्यांचा म्हणतो तो आजचा साबुदाणा साधारण आजीच्याच वयाचा आहे.

हे पाहुणे उपासाला चालायला कसे लागले? उपासाला जी धान्यं वर्ज्य, त्यांच्या जुन्या यादीत यांची नावंच नव्हती, असा तर्क सांगितला जातो. मला तो पटतो. नियम लिहिणाऱ्यांनी ज्याचं नावही ऐकलं नव्हतं, त्याला मनाई कोण करणार!

हा सगळा हिशेब मांडण्याचं कारण म्हणजे आपल्या मेक्सिकोच्या सहली. डिसेंबरच्या सुट्टीत आपल्यातली कितीतरी कुटुंबं तिकडे जातात. विमानं स्वस्त असतात, हवा सुखाची असते, आईवडील भारतातून आलेले असतील तर तेही बरोबर असतात. बॅग भरताना मेथीचे ठेपले, दशम्या, लसणीची चटणी, उकळतं पाणी घालून होणारा उपमा, आणि एखादी चतुर्थी मध्ये येत असेल तर इंडियन ग्रोसरीतून आणलेली राजगिऱ्याची वडी. हॉटेलात पोचल्यावर पहिला प्रश्न, जवळ इंडियन रेस्टॉरंट कुठे आहे? त्या वडीचा प्रवास पाहा. राजगिरा मेक्सिकोतून भारतात गेला, तिथे गुळात मिळाला, पाकिटात बसून अर्धी पृथ्वी ओलांडून आपल्या गावी आला, आणि आता आपण तो मेक्सिकोत नेऊन हॉटेलच्या बंद खोलीत खातो. खाली रस्त्याच्या कोपऱ्यावर तीच वडी ताजी विकायला असते.

म्हणून ठेपल्यांना हसावं असं मात्र मला वाटत नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या, तेव्हा 'हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन' अशी ग्वाही त्यांना श्रीरामपूरच्या जाहीर सभेत द्यावी लागली होती. समुद्र ओलांडणंच जिथे पाप, तिथे काय खाल्लं याची झडती होणारच. फिलाडेल्फियाच्या थंडीत त्या शाकाहारी राहिल्या, अभ्यास केला, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी वयाच्या एकविसाव्या वर्षी गेल्या. त्यांच्यापुढे जे होतं ते आपल्यापुढे नाही. तरीही परदेशात अन्नाला जपून राहण्याची सवय आपल्या हाडीमाशी कुठून आली, हे त्यावरून कळतं. शिवाय ज्याला मांस खायचं नाही, त्याने ते प्रवासात तरी का खावं? माझा मुद्दा निराळा आहे. मेक्सिकोच्या स्वयंपाकघरात जितकं खोल जाल, तितकं आपल्याला खाण्यासारखं जास्त सापडतं.

ते कसं? १५१९ साली एर्नान कोर्तेस किनाऱ्यावर उतरला, तेव्हा त्या देशात गाय नव्हती, डुक्कर नव्हतं, बकरी-मेंढी नव्हती, कोंबडीही नव्हती. त्यामुळे दूध, चीज आणि चरबी हेही नव्हतं. बीन्समधली डुकराची चरबी, भातातलं कोंबडीचं पाणी, वरून पसरलेलं चीज, म्हणजे आपली ज्याच्याशी गाठ पडते ते बहुतेक सगळं स्पॅनिश लोकांबरोबर आलं. त्याआधीचे लोक शाकाहारी होते असं नव्हे. टर्की, बदकं, मासे, किडे सारं ते खात, आणि वाहाकाच्या बाजारात आजही तळलेल्या नाकतोड्यांचे ढीग असतात. पण रोजचं जेवण मका, घेवडा, भोपळा, मिरची, टोमॅटो आणि रानभाज्या यांवर चाले. निवडुंगाची कोवळी पानं काटे काढून भाजतात, ती 'नोपालेस'. रानभाज्यांना 'केलितेस' म्हणतात. त्यांतली 'किन्तोनिल' ही राजगिऱ्याच्याच जातीची पालेभाजी आहे. नुसत्या कांद्यावर परतलेली ही भाजी तोर्तियात गुंडाळून हातात पडली, की आपल्या माठाची चव असलेला घास ओळखायला दुभाषा लागत नाही.

भांडीकुंडी तर आपल्याच घरची वाटावीत. दगडी पाटा-वरवंटा, त्याला 'मेताते'. तीन पायांचा दगडी खल, तो 'मोल्काहेते'. मातीचा तवा, तो 'कोमाल'. 'मोले' म्हणजे वाटून केलेली चटणी किंवा रस्सा, आणि आवाकात्ल या फळाची मोले ती ग्वाकामोले. भिजवलेल्या चिया बियांचं लिंबू पिळून केलेलं सरबत प्यायलात, तर उन्हाळ्यातला सब्जा आठवेल. जात वेगळी, फुगून गिळगिळीत होण्याची खोड तीच.

आता राजगिरा. नावात्ल भाषेत त्याला 'उआउत्ली' म्हणत. कोडेक्स मेंडोसा नावाची एक चित्रमय पोथी आहे. ती १५४१ च्या सुमारास स्पेनच्या राजासाठी तयार झाली आणि फिरत फिरत ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात पोचली. तिच्यात आझ्टेक सम्राटाला कोणता प्रांत किती खंडणी देई, हे चित्रांनी दाखवलं आहे. धान्याच्या कणग्या भरून येत, त्यांत मका, घेवडा, चिया आणि राजगिरा ही चार पिकं होती. म्हणजे राजगिरा हे तिथे रोजच्या अन्नाचं आणि राजाच्या करवसुलीचं धान्य होतं.

आणि देवाचंही. बेर्नार्दिनो दे साआगून हा फ्रान्सिस्कन पाद्री १५२९ साली मेक्सिकोत आला, नावात्ल शिकला, आणि म्हाताऱ्या जाणत्या लोकांना विचारून त्याने त्यांच्या आयुष्याची बारा खंडांची नोंद तयार केली. आज ती हस्तलिखितं फ्लॉरेन्सला आहेत. तिच्यात 'त्सोआल्ली'चं वर्णन आहे. राजगिऱ्याचं पीठ घायपाताच्या जातीच्या झाडाच्या गोड पाकात मळून त्याच्या मूर्ती करत. पावसाच्या देवांसाठी डोंगरांच्या छोट्या मूर्ती, तर युद्धदेव हुइत्सिलोपोच्तलीची मोठी मूर्ती. सण संपला की मूर्ती मोडायची आणि प्रसाद म्हणून तुकडा तुकडा वाटून खायची. देवाचं शरीर भक्तांनी खाणं हे पाद्र्यांना स्वतःच्या धर्मातल्या विधीसारखं दिसलं, आणि म्हणूनच ते त्यांना असह्य झालं. १५२१ मध्ये तेनोच्तित्लान पडलं. देवळं पाडली, मूर्तींचा विधी दडपला गेला, आणि त्याच्याबरोबर राजगिऱ्याची शेतंही आक्रसत गेली. ज्या देशात तो कणग्यांनी भरत होता, तिथे तो कोपऱ्याकोपऱ्यातल्या गावांपुरता उरला.

उरला तो मिठाईच्या रूपात. राजगिऱ्याच्या लाह्या फोडायच्या आणि मधाच्या किंवा 'पिलोन्सियो'च्या पाकात घालून थापायच्या. हा पिलोन्सियो म्हणजे चक्क शंकूच्या आकाराच्या ढेपेतला गूळ. ऊस स्पॅनिशांनी नेला, राजगिरा तिथला. वर दाणे, भोपळ्याच्या बिया, बेदाणे लावतात. या वडीचं नाव 'अलेग्रिया', म्हणजे आनंद. मेक्सिको शहराच्या दक्षिणेला सोचिमिल्को भागात तुल्येउआल्को गाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथे हाच धंदा. २०१६ साली शहराच्या सरकारने तिथल्या अलेग्रियाला सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलं. इकडे देव बदलले पण प्रसाद राहिला, आणि तिकडे भारतात त्याच दाण्याला लोकांनी 'रामदाना' म्हटलं. दोन्हीकडे त्याने देवाचं बोट सोडलं नाही, याचं मला फार नवल वाटतं.

झेंडूचंही असंच. दसऱ्याच्या तोरणातला तो टपोरा झेंडू मेक्सिकोचा. तिथे त्याला 'सेम्पासूचिल' म्हणतात आणि १ व २ नोव्हेंबरला पितरांच्या सणाला घरोघरी त्याच्या राशी घालतात. फोटो मांडायचा, पाण्याचा पेला ठेवायचा, धूप जाळायचा आणि गेलेल्या माणसाला आवडणारे पदार्थ करायचे. आपल्या पितृपक्षाशी इतकं जुळणारं दृश्य दुसरीकडे सहसा दिसणार नाही. त्या दिवसांत राजगिऱ्याच्या छोट्या कवट्याही विकायला असतात. मुलांना जाम आवडतात, आजी-आजोबांना जरा तयारी करून दाखवाव्यात.

आता मक्याबद्दल थोडं सविस्तर, कारण तिथे इतिहासाने एक जबर धडा घातला आहे. मेक्सिकोत मका नुसता दळत नाहीत. आधी तो चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, सालं चोळून धुतात आणि मग ओलाच वाटतात. आपण पानाला लावतो तोच चुना. या मक्याला 'निश्तमाल' म्हणतात आणि ही रीत निदान साडेतीन हजार वर्षांची आहे. स्पॅनिशांनी मका युरोपात नेला, पण चुना मागे ठेवला. रानटी लोकांची खटपट, दुसरं काय! लवकरच मका उत्तर स्पेन आणि इटलीतल्या गरिबांचं मुख्य अन्न झाला, आणि तिथे एक भयानक रोग दिसू लागला. कातडी सोलवटायची, जुलाब लागायचे, डोकं फिरायचं, आणि अखेर मृत्यू. १७३५ मध्ये गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्याने त्याची नोंद केली. पुढे इटलीत त्याला 'पेलाग्रा' नाव मिळालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या या अमेरिकेच्याच दक्षिणेकडच्या राज्यांत, मक्याच्या पिठावर जगणारी गिरणी कामगारांची आणि कुळांची कुटुंबं त्याने हजारोंनी मेली. संसर्गाने पसरत असेल म्हणून डॉक्टर जंतू शोधत होते. जोसेफ गोल्डबर्गर याने १९१४ पासून चिकाटीने दाखवून दिलं की दोष जंतूंचा नाही, जेवणाचा आहे. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेलं असतं, शरीराला मिळत नाही. चुन्याने ते सुटतं. मेक्सिकोतल्या बायकांना नायसिन ठाऊक नव्हतं, पण रोज रात्री मका चुन्यात घालायचा हे ठाऊक होतं, आणि त्यांच्या घरात पेलाग्रा नव्हता. धान्य नेणाऱ्यांनी त्यांच्यापैकी एकीला जरी विचारलं असतं, तर दोनशे वर्षांची मरणं टळली असती.

विचारणारा एक माणूस आपल्यातला होता. पांडुरंग खानखोजे, वर्ध्याकडचे. ऐन तारुण्यात क्रांतीच्या ओढीने देशाबाहेर पडले, जपानमार्गे अमेरिकेत आले. ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत शेतकीचं शिक्षण घेतलं, १९१३ च्या गदर चळवळीत उभारणीपासून होते. पहिल्या महायुद्धात इराणच्या बाजूला इंग्रजांशी लढले. मग बर्लिन, मॉस्को, आणि परतीचा रस्ता बंद झाल्यावर १९२४ मध्ये मेक्सिको. चापिंगोच्या राष्ट्रीय शेतकी विद्यालयात ते शिकवू लागले. मेक्सिकोची क्रांती नुकतीच होऊन गेली होती, जमिनी वाटल्या जात होत्या, आणि ज्याच्या हाती जमीन आली त्याच्या हाती शिक्षण नव्हतं. खानखोज्यांनी गावकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. मक्यावर आणि गव्हावर संशोधन केलं. मक्याच्या रानटी पूर्वजाचा, तेओसिंत्लेचाही अभ्यास केला. त्यांच्या मक्याच्या कणसांचे फोटो काढले ते तिना मोदोत्ती या नामवंत छायाचित्रकार बाईंनी. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. २०२२ साली चापिंगोच्या आवारात त्यांचा पुतळा उभा राहिला. आपल्या मुलांना शाळेत हे नाव भेटणार नाही, आणि खरं सांगायचं तर महाराष्ट्रातल्या मुलांनाही फारसं भेटत नाही.

त्यांच्या काळात चित्रकार दिएगो रिवेरा मेक्सिको शहरातल्या शिक्षण खात्याच्या इमारतीच्या भिंती रंगवत होता. त्यातल्या 'आमची भाकरी' अशा अर्थाच्या चित्रात मेजाच्या टोकाला बसून एक माणूस पाव मोडून वाटतो आहे. तो माणूस म्हणजे खानखोजे, असं मानलं जातं. भोवती कामकरी, शेतकरी, मुलं. परक्या देशात जाऊन त्यांच्या भाकरीच्या मेजावर यजमानाच्या जागी बसण्याचा मान आणखी कुठल्या मराठी माणसाला मिळाला असेल, मला तरी आठवत नाही.

जाणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात असू द्या. 'सिन कार्ने' म्हणजे मांस नको, एवढं म्हणून भागत नाही, कारण पुष्कळ ठिकाणी कार्ने म्हणजे गाईडुकराचं मांस आणि कोंबडी त्यात धरत नाहीत. 'सिन पोयो' हेही म्हणा, आणि बीन्स मागवताना 'सिन मान्तेका', म्हणजे चरबी नको. भात शक्यतो टाळा, त्यात कोंबडीचं पाणी असतं. टेबलक्लॉथवाल्या हॉटेलपेक्षा जिथे बाई कोमालवर समोर तोर्तिया थापते आहे तिथे बसा, कारण तिथे काय पडतं ते दिसतं आणि विचारलं तर ती सांगते. पर्यटकांसाठीच्या जागी मिळणाऱ्या पिवळ्या चीजच्या ताटाला तिच्या हातची सर नाही. किन्तोनिल विचारा, निवडुंग विचारा, कणसावर येणारी काळी बुरशी 'वित्लाकोचे' मिळाली तर तीही घ्या. दिसायला भीतिदायक, चवीला अळंबीसारखी आणि पूर्ण शाकाहारी. आजोबांसाठी ठेपले बॅगेत असू द्यात.

शिक्षण खात्याची ती जुनी इमारत २०२४ पासून भित्तिचित्रांचं संग्रहालय म्हणून खुली आहे. चित्र पाहून बाहेर पडलात की थोड्याच अंतरावर मोठ्या देवळाचे अवशेष लागतात. १९७८ मध्ये विजेच्या तारांसाठी खणताना कामगारांना तिथे एक कोरीव शिळा लागली आणि हुइत्सिलोपोच्तलीच्या देवळाचं उत्खनन सुरू झालं. जिथे त्याची राजगिऱ्याची मूर्ती मोडून वाटत, तिथून चार पावलांवर आज फेरीवाले टोपलीत अलेग्रिया घेऊन उभे असतात. एकादशी असली तरी चालते.